चिनी दरबाराचे शब्द: ह्वांगदी, थ्येनश्या आणि मंडळी

जुनेपुराणे:

चीनच्या इतिहासावरचं पुस्तक हातात घेतलं की पहिली ठेच नावांना लागते. एकाच माणसाला एका पानावर खांगशी म्हटलेलं असतं, दुसऱ्यावर शंगत्सू आणि तळटिपेत श्वेनये. आपण तिघे वेगळे धरून पुढे जातो आणि मग कोण कोणाचा मुलगा हेच कळेनासं होतं. त्यासाठी हा धागा. इथे चिनी भाषा शिकवायची नाही. चिनी दरबारात शब्द मालकीचे असत, काही शब्द तर फक्त एका माणसाचे, आणि ते दुसऱ्याने वापरले तर डोकं जायचं. त्या शब्दांच्या गोष्टी सांगायच्या आहेत.

उच्चारांबद्दल आधीच सांगतो. देवनागरीत सगळं अंदाजे आहे. रोमन लिपीत ज्याला 'डी' लिहितात तो आवाज ऐकायला आपल्या 'त'च्या जवळचा, आणि 'टी' म्हणजे जवळपास 'थ'. मी रूढ वळणाने ह्वांगदी लिहितोय, बीजिंगच्या रस्त्यावर ते ह्वांगती ऐकू येईल. मराठी माणसाला एक फायदा मात्र आहे: 'चमचा'तला 'च' आपल्या जिभेवर बसलेला असल्याने काही चिनी आवाज आपल्याला फुकट मिळतात.

तर ह्वांगदी. 'सम्राट' म्हणून आज जो शब्द वापरतात तो एका माणसाने बसून बनवला, आणि कधी तेही माहीत आहे: इ.स.पू. २२१. त्याआधी शांग आणि चौ घराण्यांचे राजे स्वतःला 'वांग' म्हणवत, म्हणजे राजा. चौ राजा दुबळा झाला तसे त्याचे सरदारही एकेक करून वांग झाले आणि त्या शब्दाची किंमत उतरली. मग 'दी' हा जुना, देवत्वाचा वास असलेला शब्द बाहेर काढून पाहिला गेला. इ.स.पू. २८८ मध्ये छिन राज्याच्या राजाने पश्चिमेचा दी आणि छी राज्याच्या राजाने पूर्वेचा दी अशी पदवी घेतली. बाकीच्या राज्यांना ते रुचलं नाही, थोड्याच दिवसांत दोघांनीही ती सोडली.

छिनच्या यिंग जंगने सहाही राज्यं गिळली तेव्हा त्याने मंत्र्यांना सांगितलं, आता मला वांग म्हणणं शोभत नाही, नवं नाव सुचवा. सिमा छ्येन या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. मंत्र्यांनी 'थायह्वांग' सुचवलं. राजाने त्यातला 'थाय' काढला, 'ह्वांग' ठेवला आणि मागे 'दी' जोडला. पुराणकथांतले तीन ह्वांग आणि पाच दी, सगळ्यांचं पुण्य एका शब्दात. स्वतःला त्याने शिह्वांगदी म्हणवलं, म्हणजे पहिला ह्वांगदी. पुढच्यांनी दुसरा, तिसरा असं मोजत दहा हजाराव्यापर्यंत जायचं, असा हुकूम. मोजणी दुसऱ्यापाशी संपली. त्याच्यामागून जो आला त्याने पुन्हा वांग म्हणवून घेतलं आणि इ.स.पू. २०६ पर्यंत खेळ खलास. शब्द मात्र १९१२ पर्यंत टिकला.

त्याच बैठकीत सर्वनामही ताब्यात गेलं. 'झन' म्हणजे 'मी' किंवा 'माझा'. तोपर्यंत कोणीही म्हणत असे. चू युएन या कवीची प्रसिद्ध दीर्घकविता सुरू होते तिथेच दुसऱ्या ओळीत तो वडिलांचा उल्लेख करताना 'झन' वापरतो, आणि तो काही राजा नव्हता. इ.स.पू. २२१ नंतर 'झन' म्हणायचा हक्क फक्त सम्राटाला. जगात जमिनी, खाणी, मीठ ताब्यात घेणारे राजे खूप झाले, 'मी' ताब्यात घेणारा मला तरी दुसरा आठवत नाही.

राजाला हाक काय मारायची? 'बीश्या'. अर्थ: पायऱ्यांच्या खाली. म्हणजे सिंहासनाच्या पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या सेवकाशी मी बोलतोय, तो वर निरोप देईल. थेट सम्राटाशी बोलायची माझी पायरीच नाही. राजपुत्राला 'द्येनश्या', दालनाच्या खाली.

आणि 'वानस्वे', दहा हजार वर्षं, म्हणजे चिरायू होवो. हा सम्राटाचा. राजपुत्राला, राणीला 'छ्येनस्वे', हजार वर्षं. मिंग काळात वै चुंगश्येन नावाच्या खोजाची मिजास इतकी वाढली की लोक त्याला 'नऊ हजार वर्षं' म्हणू लागले. दहा म्हणायची छाती कोणाची नव्हती, पण नऊपर्यंत आले. या हिशेबावरून पुढे खरंच रक्त सांडलं. तायपिंग बंडात हुंग शिउछ्वान हा स्वर्गीय राजा, म्हणजे दहा हजारवाला, आणि त्याचा सेनापती यांग शिउछिंग नऊ हजारवाला. १८५६ मध्ये यांगने मलाही दहा हजार म्हणा असा हट्ट धरला. थोड्याच दिवसांत नानजिंगमध्ये यांग, त्याचं कुटुंब आणि त्याची हजारो माणसं कापली गेली. बंडाचा कणा तिथे मोडला. भांडण अर्थातच सत्तेचं होतं, पण ते चव्हाट्यावर आलं ते एका हजाराच्या फरकावरून.

जपानी 'बानझाई' आणि कोरियन 'मानसे' हे याच शब्दाचे उच्चार. थ्येनआनमनच्या भिंतीवर आजही दोन्ही घोषणांत वानस्वे आहे, एक लोकगणराज्याला आणि दुसरा जगातल्या लोकांच्या एकजुटीला.

बाकीचं प्रतिसादांत. ज्यांना चिनी येतं त्यांनी भर घालावी.

केतकी_ब:

मस्त! एक जुनी शंका. चिनी लोक ज्याला आपला मूळपुरुष मानतात तो 'पीत सम्राट' पण ह्वांगदीच ना? मग शिह्वांगदी पहिला कसा?

जुनेपुराणे:

केतकी, कानाला दोन्ही अगदी एकच, सूरसुद्धा तोच. लिहायला वेगळे. पीत सम्राटातला ह्वांग म्हणजे पिवळा, पदवीतला ह्वांग म्हणजे भव्य, तेजस्वी. पहिला पुराणकथेतला. त्याला ते नाव मिळालं ते माती या तत्त्वाशी जोडलेल्या पिवळ्या रंगावरून. पुढे पिवळा हा सम्राटाचा राखीव रंग झाला, त्यामुळे दोन्ही ह्वांग लोकांच्या मनात एकमेकांत मिसळले. पण शब्द वेगळे.

नाणीवाला:

माझ्याकडे चौकोनी भोकाचं एक चिनी नाणं आहे. जाणकाराला दाखवलं तर म्हणाले, 'छ्येनलुंग थुंगबाव'. म्हणजे छ्येनलुंग राजाचं नाणं, बरोबर?

जुनेपुराणे:

बरोबर, पण त्यात एक गंमत आहे आणि वर म्हटलेल्या तीन नावांचा गोंधळही तिथेच सुटतो. 'थुंगबाव' म्हणजे चलनी धन. आणि 'छ्येनलुंग' हे राजाचं नाव नाहीच, ते कालखंडाचं नाव आहे, 'न्येनहाव'. आपल्या शकासारखं, फरक इतकाच की ते दर राजाला नवं. हान वंशाच्या वू सम्राटापासून ही पद्धत आली. त्या काळी एकाच कारकिर्दीत राजा वाटेल तेव्हा नवं न्येनहाव जाहीर करायचा: शकुन दिसला, बदला. दुष्काळ पडला, बदला. मिंग घराण्यापासून एका राजाला एकच न्येनहाव अशी रीत पडली, त्यामुळे लोक राजालाच त्या नावाने ओळखू लागले. मिंगांमध्ये एकाला दोन मिळाली, कारण तो १४४९ मध्ये मंगोलांच्या हाती सापडला आणि १४५७ मध्ये पुन्हा गादीवर आला.

खांगशी हा छिंग या शेवटच्या घराण्याचा राजा (वरचं छिन वेगळं). त्याचं पाळण्यातलं नाव श्वेनये. ते तो जिवंत असताना कोणी उच्चारायचं नाही. शंगत्सू हे 'म्यावहाव', पूर्वजांच्या देवळातलं नाव, ते मेल्यावर मिळतं. त्याशिवाय 'शिहाव' हे मरणोत्तर गुणवर्णनाचं नाव असतं, ते नंतरच्या घराण्यांत इतकं लांबलं की कोणी पूर्ण म्हणत नाही. ढोबळ नियम असा: हान वंशाचा राजा असेल तर पुस्तकात शिहाव, थांग-सुंग असेल तर म्यावहाव, मिंग-छिंग असेल तर न्येनहाव. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी पुस्तकं सोपी होतात.

पहिल्या सम्राटाने शिहाव बंद केलं होतं, हेही सांगायला हवं. कारण त्याने स्पष्ट दिलं: मुलाने बापाबद्दल आणि सेवकाने धन्याबद्दल मत द्यायचं हे काय चाललंय? हान वंशाने ते पुन्हा सुरू केलं.

खडूस काका:

चांगलं लिहिलंय, पण एवढं हरखून जायचं कारण नाही. राज्याभिषेक झाला की नवी पदवी, नवा शक, आणि दरबारी शब्दांचा नवा कोश, हे आपल्याकडे १६७४ मध्ये रायगडावर झालंच की. 'छत्रपती' पदवी, राज्याभिषेक शक आणि राज्यव्यवहारकोश. शब्दांवर मालकी सांगितल्याशिवाय सार्वभौमत्व पुरं होत नाही, हे महाराजांना छिनच्या राजाकडून शिकायची गरज नव्हती.

जुनेपुराणे:

काका, शंभर टक्के मान्य. गंमत म्हणून: रायगडावर राज्याभिषेक झाला ते खांगशीचं तेरावं वर्ष. पठ्ठ्या विशीत होता आणि दक्षिणेत वू सानग्वीच्या बंडाने हैराण झालेला.

पण एक फरक दिसतो. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्द काढून संस्कृत शब्द बसवले, आणि ते सगळ्या कारभाराने वापरायचे होते. चिनी पद्धतीत उलटं: शब्द लोकांच्या वापरातून काढून घ्यायचे.

आगाऊ विद्यार्थी:

काढून घ्यायचे यावरून, 'बीह्वी' बद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? नाव टाळण्याची प्रथा. सम्राटाच्या नावात जी अक्षरं असतील ती राज्यभर कोणी लिहायची नाहीत. एकतर दुसरं अक्षर वापरा, नाहीतर शेवटची रेघ गाळून अर्धवट लिहा. आणि ही फक्त दरबारातली नाही, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतसुद्धा. राजाच्या नावातलं अक्षर चुकून पूर्ण लिहिलंत तर उत्तर कितीही चांगलं असो, बाद.

थांग ताइत्सुंगचं नाव ली शिमिन. 'मिन' म्हणजे लोक, रयत. आता रयतेशिवाय कारभार कसा लिहायचा? तर रयतेचं खातं होतं 'मिनबू', ते झालं 'हूबू', म्हणजे कुटुंबांचं खातं, आणि पुढे छिंग काळापर्यंत तेच नाव चाललं. बीजिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचं नाव होतं श्वेनवूमन. खांगशीच्या नावात श्वेन, म्हणून दरवाजा झाला शनवूमन. आजही पर्यटक त्याच पाटीखालून बाहेर पडतात.

आणि सगळ्यात भयंकर किस्सा १७७७ मधला. वांग शीहौ नावाच्या एका पंडिताने कोश केला. त्यात त्याने वाचकांच्या सोयीसाठी लिहिलं की खांगशी, युंगजंग आणि छ्येनलुंग या सम्राटांच्या नावातली ही ही अक्षरं आहेत, ती टाळा. टाळा म्हणून सांगायला ती पूर्ण छापावी लागली! छ्येनलुंगने त्याचं डोकं उडवलं. वर प्रांताच्या सुभेदाराला शिक्षा, कारण त्याला त्यात एवढं गंभीर काही दिसलं नव्हतं.

केतकी_ब:

बाप रे. म्हणजे 'धोका' अशी पाटी लावल्याबद्दलच फाशी. आणि बायकांचं काय? सम्राज्ञी असा शब्द होता का, की नुसती सम्राटाची बायको?

जुनेपुराणे:

'ह्वांगहौ' म्हणजे पट्टराणी, 'ह्वांगथायहौ' म्हणजे राजमाता, 'थायह्वांगथायहौ' म्हणजे आजी. सगळ्या नात्याने. छिंग अंतःपुरात त्याखाली ह्वांगग्वीफै, ग्वीफै, फै, पिन, ग्वीरन, छांगझाय, दायिंग अशी उतरंड होती. छिंगांची प्रसिद्ध राजमाता त्सशी १८५२ मध्ये आत आली ती ग्वीरन म्हणून. मुलगा झाल्यावर वर चढत गेली आणि १८६१ नंतर 'छ्वेलिएन थिंगजंग' करू लागली. शब्दशः: पडदा सोडून दरबार ऐकणे. बालराजा पुढे सिंहासनावर, बाया मागे पडद्याआड. खरी सत्ता तिचीच, आणि तरी तिला पदवी राजमातेचीच. लाडाने किंवा भीतीने लोक तिला 'लावफोये' म्हणत, म्हातारा बुद्धबाबा. शब्द पुल्लिंगी वळणाचा आहे, हे मुद्दाम सांगतो.

ह्वांगदी ही पदवीच घेणारी बाई चीनच्या इतिहासात एक झाली: वू त्सथ्येन. ६९० मध्ये तिने थांग घराणं बाजूला सारून स्वतःचं चौ घराणं जाहीर केलं आणि ७०५ पर्यंत चालवलं. 'स्त्री-ह्वांगदी' वगैरे काही नाही, सरळ ह्वांगदी. आपल्या नावासाठी तिने नवं अक्षरही वापरात आणलं: आकाशाच्या वर सूर्य आणि चंद्र. कन्फ्यूशियन ग्रंथांत बाईने राज्य करायला आधार सापडेना, तेव्हा तिने बौद्ध ग्रंथांकडे मोर्चा वळवला. ६९३ मध्ये तिने 'जिनलुन', म्हणजे सुवर्णचक्र, ही पदवी आपल्या नावात घातली. हे आपल्याकडचं चक्रवर्ती. बौद्ध ग्रंथांत चक्रवर्तींचे सोन्याचं, रुप्याचं, तांब्याचं आणि लोखंडाचं चक्र असे चार दर्जे आहेत, बाईंनी सोन्याचंच उचललं. चक्रवर्तीला चिनीत 'ज्वानलुन वांग' म्हणतात, चक्र फिरवणारा राजा.

नाणीवाला:

उलट दिशेनेही शब्द आलेत. 'थ्येनत्स' म्हणजे स्वर्गपुत्र, ही ह्वांगदीच्याही आधीची, चौ काळातली पदवी. कुषाण राजे स्वतःला 'देवपुत्र' म्हणवत, आणि अनेक अभ्यासक तो याच शब्दाचा अनुवाद मानतात. कुषाण मुळात चीनच्या सीमेवरून आलेले, त्यामुळे पटण्यासारखं आहे. अटकजवळच्या आरा इथल्या शिलालेखात एका कनिष्काच्या पदव्या आहेत: महाराज, राजतिराज, देवपुत्र, कैसर. एक भारतीय, एक इराणी, एक चिनी, एक रोमन. चारी दिशांच्या पदव्या एकाच माणसाच्या नावापुढे. लेटरहेडवर पदव्यांची रांग लावायची हौस जुनी आहे.

फारसीत चीनच्या राजाला 'फग़फ़ूर' म्हणत. मुळात बगपूर, बग म्हणजे देव, पूर म्हणजे पुत्र. त्यावरून फारसीत चिनी मातीच्या उंची भांड्यांना 'फग़फ़ूरी' म्हणतात.

मांडवी:

गोव्याकडून माझी थोडी भर. चिनी अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या भाषेला जग 'मंदारिन' म्हणतं, आणि हा शब्द चिनी नाहीच. मूळ आपला 'मंत्री'. तो मलय भाषेत 'मंतेरी' झाला, पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतलं तिथे त्यांच्या कानावर पडला, त्याचं 'मांदारीं' झालं, आणि मकावमार्गे तो चिनी साहेबांना चिकटला. मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता, त्यामुळे मांदारींबद्दलचे कागद गोव्याला येऊन पडायचे. चिनी लोक स्वतः अधिकाऱ्याला 'ग्वान' म्हणतात.

खडूस काका:

एवढं सगळं झालं. पण धाग्याचं नाव बघा, 'थ्येनश्या'. त्याबद्दल एक ओळ नाही. साम्राज्याला चिनीत काय म्हणतात, ते सांगा की.

जुनेपुराणे:

काका, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटलेली गोष्ट हीच: सम्राटासाठी शंभर शब्द, पण साम्राज्यासाठी दोन हजार वर्षं रोजच्या वापरातला शब्दच नाही. 'थ्येनश्या' म्हणजे आकाशाखालचं सगळं. 'छाव' म्हणजे दरबार, घराणं. 'थ्येनछाव', स्वर्गीय दरबार. 'दा छिंग ग्वो', महान छिंग देश. 'चुंगग्वो', मधला देश, हा १६८९ च्या नेरचिन्स्क तहाच्या वेळी रशियाशी बोलताना राज्याचं नाव म्हणून वापरला गेला. पण 'हे एक साम्राज्य, ते दुसरं साम्राज्य' असं म्हणायला जो शब्द लागतो तो नाही. कारण सोपं आहे. साम्राज्याला सीमा असते आणि सीमेपलीकडे दुसरा कोणीतरी असतो. आकाशाखालच्या सगळ्याला पलीकडचं काय असणार?

व्यवहारात पलीकडचे होतेच, आणि दरबाराला ते चांगलं ठाऊक होतं. मंगोलांशी बोलताना छिंग सम्राट खान असे, तिबेटी त्याला मंजुश्रीचा अवतार मानत. त्याआधी ६३० मध्ये तुर्कांनी थांग ताइत्सुंगला 'थ्येन खहान', स्वर्गीय खान, म्हटलं आणि त्याने ते आनंदाने घेतलं. म्हणजे माणूस एक, पाट्या अनेक. पण चिनी कागदावर दुसरा थ्येनत्स चालत नसे. ६०७ मध्ये जपानहून सुई सम्राटाला पत्र आलं: सूर्य उगवतो त्या देशाचा स्वर्गपुत्र सूर्य मावळतो त्या देशाच्या स्वर्गपुत्रास लिहितो. सम्राट खवळला आणि असली उद्धट पत्रं पुन्हा मला दाखवू नका म्हणाला.

१७९३ मध्ये इंग्लंडचा वकील मॅकार्टनी आला, त्याच्या होड्यांवर दरबारी लोकांनी झेंडे लावले: इंग्लंडचा खंडणी आणणारा दूत. 'गुंग' म्हणजे खंडणी किंवा नजराणा. तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायचं, हा 'खथोउ', त्यावरूनही बरीच घासाघीस झाली. शेवटी त्याने एका गुडघ्यावर भागवलं. छ्येनलुंगने तिसऱ्या जॉर्जला जे उत्तर पाठवलं त्यात संबोधन 'ग्वोवांग', म्हणजे मांडलिकाला लिहितात तसं.

मग अफूची युद्धं झाली आणि लढाई शब्दांवरही आली. १८५८ च्या त्यानजिन तहात एक्कावन्नावं कलम फक्त एका अक्षरासाठी आहे: 'यी', रानटी परका. इंग्रजांबद्दलच्या सरकारी कागदात हे अक्षर यापुढे वापरायचं नाही. तोफा आणून व्याकरण दुरुस्त करून घेतलं.

आणि 'दीग्वो', म्हणजे आजचा साम्राज्य हा शब्द? जुन्या एका ग्रंथात तो एकदा येतो, पण तिथे अर्थ वेगळा: सद्गुणाने जिंकणारं राज्य. आजच्या अर्थाने तो जपान्यांनी डच पुस्तकं भाषांतरित करताना 'तेइकोकु' म्हणून घडवला आणि तिथून चीनला परत आला. १८९५ मध्ये जपानने चीनला हरवून शिमोनोसेकीचा तह केला, त्यात दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत: महान जपान दीग्वो आणि महान छिंग दीग्वो. १९०८ मध्ये छिंग दरबाराने राज्यघटनेचा आराखडा काढला त्यातही दीग्वो आहे. १९१२ मध्ये घराणं गेलं. म्हणजे स्वतःला साम्राज्य म्हणायला शिकले तेव्हा ते संपतच आलं होतं. आपण मात्र आज बिनदिक्कत 'हान साम्राज्य', 'थांग साम्राज्य' लिहितो.

आगाऊ विद्यार्थी:

'क्रांती'चंही तसंच की. 'गमिंग' म्हणजे मूळ अर्थ स्वर्गाने दिलेली सनद बदलणं. 'थ्येनमिंग' म्हणजे ती सनद. राजा नालायक निघाला तर आकाश ती दुसऱ्याला देतं. हे जुन्या ग्रंथांतलं. तेच अक्षर जपानमध्ये 'काकुमेइ' होऊन आधुनिक क्रांतीचा अर्थ घेऊन परत आलं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीतसुद्धा शब्दात आकाशाची सनद दडलेलीच.

शांघायकर:

उशिरा आलो, पण रस्त्यावरचं कोणीतरी सांगायला हवं. नोकरीनिमित्त इथे बरीच वर्षं काढली. सम्राट गेला, पण त्याचे शब्द ऑफिसात आणि भाजीबाजारात रोज भेटतात.

सरकारी नोकरीत असलेला माणूस 'ह्वांगल्यांग खातो', राजाचं धान्य. गावात दादागिरी करणारा पुढारी 'थू ह्वांगदी', मातीतला म्हणजे गावठी सम्राट. एकुलतं एक, लाडावलेलं पोर 'श्याव ह्वांगदी', छोटा सम्राट, हा एक-मूल धोरणाच्या काळातला शब्द. वरचे आदेश आमच्यापर्यंत पोचत नाहीत हे सांगायला 'शान गाव, ह्वांगदी युएन', डोंगर उंच, सम्राट लांब. साहेबांनी एखादा प्रकल्प बासनात टाकला की तो 'लंगगुंग'मध्ये गेला, म्हणजे नावडत्या राणीला धाडायच्या थंड महालात. ज्याचं काम तो निवांत आणि दुसराच कोणी घायकुतीला आला तर 'ह्वांगदी बू जी, थायज्येन जी': सम्राटाला घाई नाही, खोजाला घाई. ही म्हण मी मीटिंगमध्ये वापरली तेव्हा पहिल्यांदा लोकांनी मला आपल्यात घेतलं.

आणि विद्यापीठ प्रवेश परीक्षेत प्रांतात पहिला आलेला मुलगा 'ज्वांगयुएन'. ही सम्राटासमोरच्या अंतिम परीक्षेतल्या पहिल्याची पदवी. ती परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली, शब्द अजून मिठाईच्या दुकानाच्या पाटीवरही सापडतो.

नाणीवाला:

शांघायकर, भारी. आपल्या राजांना चिनी काय म्हणत, काही माहिती?

जुनेपुराणे:

एक मी सांगतो, तो थेट आपल्या प्रदेशाचा. ह्युएनत्संग सातव्या शतकात 'मोहलाचा' म्हणजे महाराष्ट्रात येऊन गेला. इथल्या लोकांबद्दल लिहितो: ताठ मानेचे, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे. राजाचं नाव त्याने 'पुलोजीश' असं दिलंय, हा आपला चालुक्य पुलकेशी. हर्षाला दाद न देणारा म्हणून त्याचं कौतुकही आहे. पण पदवी वांग. हर्षाला पण वांग. ह्वांगदी म्हणजे थांगांच्या राजधानीत, छांगआनमध्ये बसलेला, बाकी सगळे वांग.

शांघायकर:

आत्ताच्या चिनी पुस्तकांत मराठ्यांना 'मालाता दीग्वो' म्हटलेलं मी वाचलंय, काही ठिकाणी 'मालाता ल्येनमंग', म्हणजे मराठा संघ. मुघलांना 'मोवोअर दीग्वो'. त्या दीग्वोचा वर आलेला जपानी प्रवास माहीत नव्हता.

खडूस काका:

संघ की साम्राज्य यावर इथे तीन धागे आधीच पेटलेले आहेत, चौथा नको. एवढं सांगा, शेवटचा राजा पुयी. राज्य गेल्यावर त्याला काय म्हणत?

जुनेपुराणे:

काका, त्याचीही यादी आहे. न्येनहाव श्वेनथुंग, म्हणून श्वेनथुंग सम्राट. फेब्रुवारी १९१२ मध्ये त्याच्या वतीने राजत्याग झाला तेव्हाच्या करारात ठरलं की पदवी रद्द करायची नाही, आणि प्रजासत्ताकाने त्याला परदेशी राजाला देतात तसा मान द्यायचा. स्वतःच्या वाड्यात परदेशी राजा! लोक त्याला 'शुनदी' म्हणत, पायउतार झालेला सम्राट. भिंतीच्या आत श्वेनथुंगची वर्षं मोजत राहिले, भिंतीबाहेर प्रजासत्ताकाची. १९२४ मध्ये त्याला वाड्यातून हाकललं आणि पदवीही गेली. १९३४ मध्ये जपान्यांनी मांचुक्वोत, म्हणजे ईशान्य चीनमध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या राज्यात, पुन्हा ह्वांगदी केलं, नवं न्येनहाव खांगदं. १९४५ मध्ये रशियनांच्या कैदेत, मग चीनच्या तुरुंगात, १९५९ मध्ये माफी. त्यानंतर 'गुंगमिन', नागरिक. बीजिंगच्या वनस्पती उद्यानात कामालाही होता. १९६७ मध्ये वारला.

केतकी_ब:

याच्यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

आगाऊ विद्यार्थी:

+१. आणि त्यात खोजांबद्दल पण लिहा, वै चुंगश्येन अर्ध्यावर सोडलाय तुम्ही.